आधी पिस्टन, मग बोअर

आमच्याकडे १९५४ सालची मॉरिस मायनर आहे असं कळलं की पहिला प्रश्न येतो, "अजून चालते?" चालते म्हटलं की लगेच दुसरा, "मग पार्ट कुठून आणता?" पहिल्याचं उत्तर एका शब्दाचं आहे. दुसऱ्याचं उत्तर शोधायला मला चौदा महिने लागले. कोजागिरीला मंडळात हा विषय निघाला आणि संपादकांनी तिथेच मला धरलं, "हे अंकासाठी लिहून द्या." तेव्हा मंडळी, थोडं तेलकट वाचायची तयारी ठेवा.

गाडी आजोबांची. ते कलाभवनात ड्रॉइंग शिकवत. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेलं कलाभवन पुढे विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा झालं, पण आमच्या घरात अजून कोणी 'फॅकल्टी' म्हणत नाही, कलाभवनच म्हणतात. १९६२ साली त्यांनी ही गाडी एका डॉक्टरांकडून जुनी म्हणून घेतली. समोरची काच दोन तुकड्यांची, मध्ये दांडी. वळायचं असलं की दाराजवळच्या खांबातून दिव्याचा एक छोटा हात बाहेर पडतो. दांडिया बाजारातून ती निघाली की रावपुऱ्यापासून मांडवीपर्यंत लोक भोंग्यावरून ओळखायचे, असं आत्या सांगते. आत्याच्या सांगण्यातून निम्मं वजा करायचं असतं. पण बाबा आणि काका दोघंही तिच्यावरच गाडी शिकले हे नक्की. २००६ मध्ये तिने निळा धूर सोडायला सुरुवात केली, मग ती तेल प्यायला लागली, आणि एके दिवशी इंजिनाच्या तळातून ठोके यायला लागले. बाबांनी त्याच दिवशी ती बंद केली आणि वर ताडपत्री घातली.

ताडपत्री निघाली २०२३ च्या गणपतीनंतर, आणि तीही विकायची म्हणून. घराचा मागचा भाग पाडून बांधायचा होता. गाडीला जागा राहणार नव्हती, आणि गाडी बाबा-काकांच्या सामाईक मालकीची. काकांनी पुण्यात बसून गिऱ्हाईकही शोधलं होतं. हा माणूस वरातींना आणि फोटोशूटना जुन्या गाड्या भाड्याने देतो. किंमत चांगली देत होता. मूळ इंजिन काढून टाकून मारुती ८०० चं बसवणार होता, म्हणजे ऐन वरातीत बंद पडायची भीती नको. काका म्हणाले, "अरे, बाहेरून तर तीच दिसेल ना?" बाबा काहीच बोलले नाहीत. बाबा बोलत नाहीत तेव्हा त्याचा अर्थ आईला कळतो, आणि आईकडून मला. मी काकांकडे पुढच्या दिवाळीपर्यंतची मुदत मागितली. तोवर इंजिन चालू झालं नाही तर गाडी ट्रकवर चढवून द्यायला मी स्वतः येईन, असंही सांगून टाकलं.

हा नुसता भावनेचा प्रश्न नव्हता. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली गाडी मूळ स्वरूपात असेल, तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले नसतील, तर तिची विंटेज म्हणून नोंद होते. फी वीस हजार रुपये, नोंद दहा वर्षांची, नूतनीकरणाला पाच हजार. नव्याने नोंदवलेल्या गाडीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, आधीपासून नोंद असलेलीचा जुना नंबर तसाच राहतो. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. म्हणजे मारुतीचं इंजिन बसवलेली गाडी वरातीत छान दिसली असती, पण कागदावर तिला १९५४ ची विंटेज म्हणवून घेणं कठीण होतं. इंजिन गेलं की परतीचा रस्ता बंद.

आता इंजिनाबद्दल. मायनर १९४८ साली इंग्लंडमध्ये आली. ज्यांनी पुढे मिनी केली त्या अलेक इसिगोनिस यांचं हे डिझाइन. १९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस हे जुने प्रतिस्पर्धी एका छत्राखाली आले, आणि ऑस्टिनचं 'ए सिरीज' नावाचं छोटं इंजिन मायनरच्या नशिबी आलं. ८०३ सीसी, तीस अश्वशक्ती. १९५६ मध्ये त्याच्या जागी ९४८ सीसीचं आलं, पुढे १०९८ चं. ए सिरीजचा वंश इतका चिवट की मिनीमध्ये तो २००० सालापर्यंत टिकला. पण नाव चालवलं ते धाकट्यांनी. थोरलं ८०३ चार वर्षांतच मागे पडलं. इंग्लंडमध्येसुद्धा बहुतेकांनी ते खराब झालं की काढून ९४८ किंवा १०९८ बसवलं. मायनर एकूण सोळा लाखांच्या आसपास बनल्या, त्यामुळे त्यांचे सुटे भाग बनवणारे छोटे कारखानदार तिथे आजही पोट भरतात. १९९० च्या दशकात तर श्रीलंकेत मायनरचे पत्रे नव्याने ठोकून इंग्लंडला पाठवण्याचा उद्योग उभा राहिला होता. पण ८०३ चं इंजिन म्हटलं की या सगळ्यांच्या यादीत रकाने रिकामे दिसायला लागतात.

इंजिन उघडलं पाणीगेटजवळच्या चाचांनी. चाचा चौऱ्याहत्तर वर्षांचे, आजोबांच्या वेळी त्याच गॅरेजात पोऱ्या म्हणून होते. हात अजून पक्के आहेत, पण डोळ्यांना आता मायक्रोमीटरवरच्या रेघा दिसत नाहीत. तेव्हा आमची वाटणी अशी झाली की ते मायक्रोमीटर लावणार आणि आकडा मी वाचणार. माझं दिवसभराचं काम कॉम्प्युटरसमोरचं, एका पुण्याच्या कंपनीसाठी घरूनच. संध्याकाळी साडेसहाला लॅपटॉप मिटायचा आणि पाणीगेट गाठायचं, असं वर्षभर चाललं.

जे दिसलं ते फारसं चांगलं नव्हतं. चारही सिलिंडर आधीच चाळीस थाऊ मोठे केलेले. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सिलिंडर झिजला की तो थोडा मोठा कोरायचा आणि तेवढाच मोठा पिस्टन घालायचा, अशी पद्धत असते. दहा, वीस, तीस, चाळीस अशा पायऱ्या. आम्ही शेवटच्या पायरीवर होतो आणि तीही झिजली होती. क्रँकवर चरे. हेडमधली आठ वॉल्व्ह गाइड तीन वेगवेगळ्या उंचीची, म्हणजे मधल्या काळात कोणीतरी मिळेल ते ठोकलेलं. एक्झॉस्ट वॉल्व्हच्या बैठकी आत खचलेल्या. याचं कारण मला नंतर कळलं. जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि त्याचा थर वॉल्व्हच्या बैठकीला गादीसारखा सांभाळायचा. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं. आपल्या फुप्फुसांचं भलं झालं, या बैठकींचं मात्र नाही.

मी कागदावर सगळे आकडे लिहून काढत होते तेव्हा चाचा म्हणाले, "लिख ले, पर याद रख, ये घसारे का माप है." झिजलेला भाग मोजला की आपण झीज मोजतो. तो भाग नवा असताना केवढा होता ते त्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं. आणि नवा बनवून घ्यायचा तर मूळ माप हवं.

ते माप आमच्या माळ्यावर निघालं.

आजोबा गाडीची वही ठेवत. पेट्रोल किती, मैल किती, टायर कधी बदलला, सगळं. १९७१ सालच्या पानावर नोंद होती: इंजिन उघडले, बोअर अधिक वीस. १९८३ मध्ये: बोअर अधिक चाळीस, पिस्टन मद्रासहून व्ही.पी.ने मागवले. आणि १९७१ च्या पानासमोर, कलाभवनातल्या मास्तरांना शोभेल अशा टोकदार पेन्सिलीने, नव्या पिस्टनची आणि नव्या वॉल्व्ह गाइडची आकृती काढलेली. बाहेरचा व्यास, आतला व्यास, पिनेची जाडी, पिनेच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची, गाइड हेडच्या वर किती राहिली पाहिजे ते माप. बाण, रेघा, खाली सही आणि तारीख. हे त्यांनी कुणासाठी काढलं होतं कोण जाणे. बहुधा कुणासाठीच नाही. नवी वस्तू हातात आली की तिचं ड्रॉइंग काढायची खोड. बाबांनी ते पान बराच वेळ हातात धरलं आणि "झेरॉक्स काढून आण, वही गॅरेजमध्ये न्यायची नाही," एवढंच म्हणाले. चौदा महिन्यांतली त्यांची ही पहिली सूचना.

शोध सुरू झाला तेव्हा सल्ला देणाऱ्यांची कमी नव्हती. पहिला सल्ला, "अँबेसेडरचे घाला, तीही मॉरिसच ना!" अँबेसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आली हे खरं, पण तिचं १४८९ सीसीचं इंजिन वेगळ्या घराण्यातलं, 'बी सिरीज'. तिचा पिस्टन आमच्या सिलिंडरच्या तोंडातही मावत नाही. दुसरा सल्ला जास्त फसवा होता. मद्रासला पूर्वी स्टँडर्ड एट नावाची गाडी जुळवली जायची. तिचंही इंजिन ८०३ सीसी. इतकंच नाही, बोअर ५८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७६, अगदी आमच्यासारखाच. दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी इंजिनं आणि आकडे एक! मुंबईला ग्रँट रोडच्या बाजूला एका जुन्या दुकानात स्टँडर्ड एटच्या पिस्टनची पेटी निघाली. सील न तोडलेली, पुठ्ठा पिवळा पडलेला, बघूनच जीव हरखावा अशी. मी चाचांना फोन लावला. ते म्हणाले, "खोलके नापने देगा तो ले. नहीं देगा तो चाय पी के निकल आ." दुकानदार म्हणाला, सील तोडलं की माल तुमचा. मी चहा घेतला आणि विरार लोकलने परतीची वाट धरली. व्यास जुळला म्हणजे पिस्टन जुळला असं नसतं. पिनेची जाडी आणि माथ्याची उंचीही जुळावी लागते, आणि ती बंद पेटीवर छापलेली नसते.

मग इंग्लंड. तिकडच्या तीन-चार पुरवठादारांना मेल गेले. सगळ्यांची उत्तरं सभ्य आणि सारखीच: एवढा त्रास कशाला घेता, १०९८ बसवा, गाडी वेगानेही पळेल. एकाने मात्र लिहिलं की ८०३ साठी अधिक वीसचा एकच संच शिल्लक आहे, हवा असेल तर आठवड्याभरात सांगा. मी आजोबांच्या आकृतीतली मापं पाठवली आणि त्याने आपला पिस्टन मोजून ती ताडून दिली. दुसऱ्या ठिकाणी बेअरिंगचा संच मिळाला, उणे तीसचा.

आमचे सिलिंडर अधिक चाळीसच्याही पुढे गेलेले, आणि पिस्टन मिळतोय अधिक वीसचा, म्हणजे लहान. सिलिंडर लहान कसा करणार? इथे चाचांचा कायदा लागू होतो. गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवावा असा तो आहे: "पिस्टन पहेलां, बोर पछी." पार्ट हातात येईपर्यंत ब्लॉकला हत्यार लावायचं नाही. पिस्टन कुठल्या मापाचा मिळतोय ते आधी बघायचं आणि मग सिलिंडर त्याच्या मापाचा करायचा. क्रँकचंही तसंच. बेअरिंग उणे तीसचं हाती आलं, तर क्रँक तीस थाऊ घासायचा, एक थाऊही कमी-जास्त नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी डिझाइन ठरतं आणि मग सामान जमवतात. इथे सामान काय जमतंय त्यावर डिझाइन ठरत होतं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग काय, बाजारात कुठली भाजी आहे ते बघूनच स्वयंपाक ठरवतात की."

तर सिलिंडर लहान करायला लायनर घालावे लागतात. म्हणजे ब्लॉक आणखी कोरायचा, त्यात ओतीव लोखंडाची नळी दाबून बसवायची आणि नळी आतून पिस्टनच्या मापाला कोरायची. आमच्या ब्लॉकमध्ये जागा इतकी कमी की नळीची भिंत जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर. असे पातळ लायनर तयार मिळत नाहीत, बनवून घ्यावे लागतात. आणि आपल्या भागात इंजिनाचं काही बनवून घ्यायचं तर राजकोट.

राजकोट हे डिझेल इंजिनांचं आणि त्यांच्या सुट्या भागांचं गाव. शेतातल्या पंपाचं इंजिन कुठल्याही राज्यात असो, त्यातलं काही ना काही राजकोटहून आलेलं असतं. बडोद्याहून तीनशेच्या आसपास किलोमीटर. मी शुक्रवारी रात्रीच्या बसने गेले. कारखाने 'आजी' औद्योगिक वसाहतीत आहेत. आजी हे तिथल्या नदीचं नाव, पण रिक्षावाल्याला "आजी" म्हणताना मला उगाच हसू येत होतं. आजोबांच्या गाडीसाठी आजीकडे.

पहिल्या तीन ठिकाणी पाच मिनिटांत बाहेर पडले. "चार नंग?" म्हणत त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लग्नाच्या आचाऱ्याकडे दोन पुऱ्या मागायला आले आहे. त्यांचंही खरं आहे. एक माप लावायला मशीन अर्धा दिवस अडतं. चौथ्या ठिकाणी एक वयस्क गृहस्थ होते. त्यांचा मुलगा पुढच्या शेडमध्ये संगणकावर चालणाऱ्या मशीनवर हजारोंच्या ऑर्डरी काढत होता. मागच्या शेडमध्ये तीन जुने लेथ, आणि ते यांचं स्वतःचं राज्य. मी माप सांगितलं तसे म्हणाले, "आ तो बंगडी छे, बेन!" एवढ्या पातळ नळीला लायनर म्हणायचं का बांगडी, असा त्यांचा प्रश्न. पण नाही म्हणाले नाहीत.

त्यांनी मला सगळं दाखवलं. फिरणाऱ्या साच्यात वितळलेलं लोखंड ओततात, ते फिरण्याच्या जोराने साच्याच्या भिंतीला दाबून बसतं, आणि हवेचे बुडबुडे न राहिलेली घट्ट नळी तयार होते. ही नळी लगेच शेवटच्या मापाला कातायची नाही. ढोबळ कातून काही दिवस पडू द्यायची, तिच्या अंगातला ताण निघून गेला की मग बारीक काम. एकदम पातळ कातली तर ती गोल राहत नाही. "लोढाने पण थाक लागे," म्हणाले. लोखंडालाही थकवा येतो.

मग त्यांनी कपाटातून एक लांबट चोपडा काढला. आतापर्यंत बनवलेल्या प्रत्येक वेगळ्या मापाची नोंद, गाव आणि साल यासकट, शाईपेनाने. पानं उलटत एका ओळीवर बोट ठेवलं: जामनगर, मोरीस, चार नंग, १९८७. कुणीतरी माझ्या आधी छत्तीस-सदतीस वर्षं याच दारात येऊन गेलं होतं. मी वॉल्व्ह गाइडसाठी आजोबांच्या आकृतीची झेरॉक्स पुढे केली. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून कागद डोळ्यांजवळ नेला. "कोणे दोर्युं?" "माझ्या आजोबांनी. मास्तर होते." "मास्तर ज होय," म्हणाले आणि तो कागद मला परत न देता चोपड्यात ठेवून दिला. मला तो मागायचं मनात आलं नाही. तिथे तो घरापेक्षा जास्त दिवस राहील असं वाटलं.

ठरलं असं: लायनर आठ घ्यायचे, म्हणजे मशीन लावल्याचं सार्थक. चार मला, चार जास्तीचे. शिवाय आठ गाइड आणि चार कडक धातूच्या एक्झॉस्ट बैठकी. आतला व्यास मुद्दाम लहान ठेवायचा, शेवटचं कोरणं ब्लॉकमध्ये बसवल्यावर. पैसे किती, तर त्यांनी सांगितलेला आकडा माझ्या बसच्या आणि हॉटेलच्या खर्चापेक्षा फार मोठा नव्हता. मी ॲडव्हान्स देऊ लागले तर म्हणाले, "माल लागे पछी." पाच आठवड्यांनी बसच्या पार्सलने खोकं आलं. गुजराती वर्तमानपत्रात गुंडाळलेला, तेलाने माखलेला एकेक लायनर. बाबांनी एक उचलून नखाने टिचकी मारली. घंटेसारखा वाजला. त्यांनी मग आठही वाजवून पाहिले.

कार्ब्युरेटरचं काम मात्र फार सोपं निघालं, आणि त्याचं मला खरं आश्चर्य वाटतं. आमचा एसयू कंपनीचा. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनर हे लंडनच्या एका बुटांच्या व्यापारी घराण्यातले भाऊ, आणि त्यांच्या पहिल्या कार्ब्युरेटरमध्ये चक्क चामड्याचा भाता होता. ते नाव आणि हक्क १९९६ पासून इंग्लंडमधल्या सॅलिसबरीच्या बर्लेन या कंपनीकडे आहेत, आणि ती जुने कार्ब्युरेटर व त्यांचे भाग आजही बनवते. माझ्या धंद्यात दहा वर्षांपूर्वीची लायब्ररी चालेनाशी झाली तर कोणी दाद घेत नाही. इथे सत्तर वर्षांपूर्वीच्या कार्ब्युरेटरची सुई तिच्या अक्षरांवरून मागवता येते. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराला व बुचाला खातं. त्यामुळे वॉशर, सील आणि पेट्रोलची नळी इथेनॉल सोसणाऱ्या नव्या मालाची घेतली. बाहेरून सगळं जुनंच दिसतं.

इंग्लंडहून पिस्टन आले, पण सोबतच्या रिंगा दुसऱ्याच मापाच्या निघाल्या. पाठवणाऱ्याने लगेच मान्य केलं, बदलून पाठवल्या, आणि ते पार्सल सात आठवडे वाटेत कुठेतरी बसून राहिलं. तेवढ्यात २०२४ ची दिवाळी आली.

भाऊबीजेला काका आले. गाडीचं नाक उघडं, इंजिन गॅरेजच्या फरशीवर, चार पिस्टन कपाटात, रिंगांचा पत्ता नाही. मुदत संपली होती आणि ते सगळ्यांना माहीत होतं. जेवणं झाल्यावर बाबांनी काही न बोलता आजोबांची वही त्यांच्या मांडीवर ठेवली. काका बराच वेळ चाळत होते. मध्येच मोठ्याने हसले. १९७४ च्या एका पानावर लिहिलं होतं: धाकट्याने गाडी विहिरीच्या कठड्यास लावली, बंपर सरळ करणे बारा रुपये, धाकट्यास काही बोललो नाही. काका म्हणाले, "मला वाटलं होतं अण्णांना कळलंच नाही. मी दगडाने ठोकून सरळ केला होता." मग वही मिटली आणि मला विचारलं, "रिंगा येणार कधी?" त्यांनी गिऱ्हाइकाला काय कळवलं ते मी विचारलं नाही. कार्ब्युरेटरच्या सामानाचे पैसे मात्र त्यांनी जाण्यापूर्वी माझ्या खात्यावर पाठवले होते.

रिंगा त्यानंतर आठवड्याने आल्या. मकरपुऱ्याला एका वर्कशॉपमध्ये ब्लॉक कोरून प्रेसखाली लायनर बसवले, आतून अधिक वीसला कोरले आणि होन केले. क्रँक उणे तीसला घासून आला. चाचांनी प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये सरकवून तिच्या दोन टोकांमधली फट मोजली. ते पट्टी सरकवायचे, मी आकडा वाचायची. बाराव्या रिंगेनंतर त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "अब तू लगा, मैं सुनता हूँ." उरलेल्या चार मी मोजल्या.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी चावी फिरवली. मायनरचा पेट्रोल पंप विजेवर चालतो आणि तो टक टक टक वाजतो. कार्ब्युरेटरची वाटी भरत आली की टकटक मंदावते, भरली की थांबते. अठरा वर्षांनी ती टकटक ऐकून आत्या पदर खोचत बाहेर आली. पंप थांबला. चाचांनी आधी प्लग काढून इंजिन नुसतंच फिरवलं होतं, तेलाचा दाब येईपर्यंत. आता प्लग घट्ट केले आणि बाबांकडे पाहिलं. बाबांनी स्टार्टरची मूठ ओढली. तिसऱ्या खेपेला इंजिन धरलं. धूर आला, पण पांढरा, आणि मिनिटभरात गेला. ठोके नाहीत. चाचा बॉनेटवर हात ठेवून उभे होते, आवाज हातानेच ऐकत असल्यासारखे.

पहिले पाचशे मैल सावकाश चालवायची आहे. विंटेज नोंदणीचे कागद बाबा करताहेत आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना फॉर्म भरण्याचा कंटाळा आलेला नाही. एकूण खर्च एक लाख चाळीस हजारांच्या घरात गेला. त्यात आयात शुल्क आणि कुरिअरचाच वाटा जास्त.

जास्तीचे चार लायनर कपाटात होते. गेल्या महिन्यात बेळगावहून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्याकडेही ८०३ ची मायनर आहे, वडिलांची. इंजिन उघडून ठेवलंय आणि तिथला मिस्त्री उद्याच ब्लॉक कोरायला नेतो म्हणतोय. लायनर द्याल का, असं त्यांनी विचारलं. देईन म्हटलं, पण आधी विचारलं, "पिस्टन हातात आलाय का?"

नाही म्हणाले, शोधतोय.

मग मिस्त्रींना थांबवा म्हटलं. लायनर पुन्हा तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवलेत, त्यांच्या नावाची चिठ्ठी लावून.